मार्चचं पाणी मोजा, मग मासे सोडा

माझा एक शाळासोबती लोहा तालुक्यात शेती करतो. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकवत नाही. एका पावसाळ्यात त्याचा फोन आला, "शायर, तळं भरलंय बग. पोरगं म्हणायलंय मासे सोडू. तू खाणारा माणूस, तूच सांग कसं करावं."

श्रोतेहो, मासे खाणारा आणि मासे पाळणारा यांच्यात, कविता ऐकणारा आणि लिहिणारा यांच्याइतकंच अंतर असतं. हे त्याला पटेना. मग मी चार जाणत्यांना विचारलं. पहिल्या वर्षी त्याच्याबरोबर मीही चुकलो, दुसऱ्या वर्षी थोडं शहाणपण आलं. तेच आज सांगतो.

पहिली चूक आकड्याची. बीज विकणारा एक जण दारात आला आणि तीन हजार पिल्लं देऊन गेला. कटला म्हणून दिलेल्या पिशवीत कटला किती आणि इतर काय काय, हे सहा महिन्यांनी कळलं. दीड इंचाची ती पिल्लं, निम्मी तर पाणकावळे आणि खंड्यानेच खाल्ली.

आता तळं केवढं असतं ते पाहू. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. त्यातलं मोठं माप 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर. काठाचा उतार एकास एक धरला तर त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, ती आठवा. दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटरच्या आसपास पाणी होतं आणि सगळ्या देशाने ते चित्र पाहिलं. आपलं एक भरलेलं तळं म्हणजे तशा चार गाड्यांहून जास्त.

पण तळं खाली निमुळतं होत जातं, इथे डोळा फसतो. पाणी दीड मीटरवर आलं की अर्धं उरलं असं वाटतं. हिशेब केला तर पावणेदहा लाख लिटरच निघतं. एक मीटरवर आलं की सव्वासहा लाख. आणि हळद, हरभऱ्याचा हक्क माशांच्या आधीचा. त्यात मराठवाड्याचं ऊन. म्हणून मासे ऑगस्टचं भरलेलं तळं पाहून सोडायचे नाहीत, मार्चमध्ये किती पाणी राहील ते पाहून सोडायचे. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली असं सर्वसाधारण प्रमाण सांगतात. आपण खालचा आकडा धरावा. या मापाच्या तळ्याला साडेचारशे पुरे. दुसऱ्या वर्षी आम्ही तेवढेच सोडले.

कोणते? कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच घरात तीन भाऊ तीन मजल्यांवर राहावेत तसे, भांडण नाही. चार, तीन, तीन हे प्रमाण चालतं. म्हणजे 180 कटला आणि 135-135 बाकीचे. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात तळाला चिखल नसतो, तिथे मृगळाची संख्या कमी करून रोहू वाढवावा. पाणवनस्पती माजत असतील तर थोडे गवत्या मासे सोडावेत. मात्र कुणी लवकर वाढतो म्हणून थाई मांगूर देऊ लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो दुसऱ्या माशांना खातो आणि त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

बीज दरवर्षी विकत का घ्यायचं, असं माझ्या मित्राने विचारलं होतं. "आमच्या शेळ्या घरीच वितात की!" पण हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. पूर्वी बीज नदीतूनच पकडून आणावं लागे. ओडिशातल्या अंगुल इथे 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालून घेतली. आज केंद्रावर बीज विकत मिळतं ते या शोधामुळे. जिरे, मग बीज, मग बोटुकली अशा त्याच्या पायऱ्या. जिरे स्वस्त पडतात म्हणून घेऊ नका. आपलं तळं जेमतेम आठ-दहा महिन्यांचं, त्यात बोट-दोन बोट लांबीची बोटुकलीच परवडते.

पिशवी आणली की लगेच ओतायची नाही. तोंड बंद ठेवून ती पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्यावी, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्यावं आणि पिल्लं आपल्या पायांनी, चुकलो, आपल्या परांनी बाहेर जाऊ द्यावीत. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची.

खाद्य म्हणजे शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समसमान. जुनी गोष्ट आहे ही. निलंग्यापासून फार दूर नाही त्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. त्यात माशांचे प्रकार आणि त्यांना काय खाऊ घालावं याचं एक प्रकरणच आहे. राजाला गळ टाकायचा षौक होता.

दुसरी चूक शेणाची. शेणामुळे पाण्यात बारीक हिरवं शेवाळ येतं, तेच माशांचं जेवण. आम्ही ढीगच ओतला. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तेही श्वास घेतं. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी. सप्टेंबरात तीन दिवस आभाळ राहिलं आणि चौथ्या पहाटे मासे तोंड वर काढून आ करू लागले. आम्ही उठेपर्यंत काठ पांढरा झाला होता. अशा वेळी खाद्य आणि शेण बंद करून पंपाने तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडायचं असतं. हात कोपरापर्यंत बुडवून पाहावं. तिथवर जाताना तळहात दिसेनासा होत असेल तर हिरवेपणा बेताचा. मनगट बुडताच दिसेनासा झाला तर शेण थांबवा. गढूळ पाण्यात मात्र ही परीक्षा खोटी पडते.

सोयाबीनच्या फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका, एका धुण्यात पीक जातं. सांडव्याला जाळी बसवा. 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड-लातूरकडे जो पाऊस झाला, तसा झाला तर मासे शेजाऱ्याच्या ओढ्यात जातात. आणि प्लास्टिकच्या काठावर पाय ठरत नाही. माणूस आत पडला तर पोहता येऊनही बाहेर निघणं कठीण. कुंपण घाला, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडा आणि ट्रकची एक ट्यूब पाण्यात ठेवा. मासे सोडण्याच्या आधी हे करा, कारण मासे आले की पोरं बघायला येतातच.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीपासूनच मोठे मासे काढायला लागलो. पाणी उतरत गेलं तशी तळ्यातली गर्दीही उतरत गेली. विक्री काठावरच, वजनाचा काटा पोराच्या हातात. मित्र लांब बांधावर बसून वहीत आकडे मांडत होता. पहिल्या वर्षी त्याने मला विचारलं होतं, "पाप लागंल का रे?" मी म्हणालो होतो, ते तुझ्या विठोबाला विचार, मला फक्त प्राणवायूचं विचार. त्याने विठोबाला विचारलं की नाही, ठाऊक नाही. निघताना त्याने पोराकरवी एक चांगला दीड किलोचा कटला माझ्या पिशवीत टाकवला.

"वैनीला दे," म्हणाला. "आन् ती पिशवी मला दाखवू नको."