पापनिवेदन आणि देवाची क्षमा

रोह्यावरून वाहत येणारी कुंडलिका नदी रेवदंड्याच्या खाडींतून समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं, दक्षिण तीरावर, कोर्लई नांवाचें गांव आहे आणि शेजारच्या डोंगरावर पोर्तुगीजांचा पडका किल्ला आहे. १७४० मध्यें चौल-रेवदंड्यासह हा मुलूख मराठ्यांकडे आला, परंतु किल्ल्याच्या आश्रयानें राहिलेली कॅथलिक वस्ती गांव सोडून गेली नाहीं. ती आजही घरांत पोर्तुगीजेपासून बनलेली एक बोली बोलते. तिला तेथील लोक ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असें म्हणतात. गांवांत कार्मेल मातेचें चर्च आहे. अशा कोणत्याही चर्चच्या एका कोपऱ्यांत जाळीच्या आड बसलेल्या पाद्र्यापाशीं गुडघे टेकून मनुष्य हलक्या आवाजांत कांहीं बोलत असतो, तें दृश्य शेजारच्या इतरधर्मी गृहस्थास मोठें नवलाचें वाटतें. गोमंतकांत ह्या विधीला ‘कुमसार’ म्हणतात. मराठी ख्रिस्ती लोक ‘पापनिवेदन’ म्हणतात.

ह्या विधीविषयीं सुशिक्षितांत एक थट्टा रूढ आहे. शनिवारीं पापें सांगावीं, रविवारीं मोकळें व्हावें आणि सोमवारीं पुन्हां त्याच उद्योगास लागावें, इतका हा सोयीचा धर्म आहे, असें लोक म्हणतात. थट्टा चुरचुरीत आहे खरी. तशी वागणारीं माणसेंही असतील. पण कॅथलिक शास्त्र काय सांगतें हें पाहिलें म्हणजे तिचा रोख चुकला आहे असें दिसून येतें.

पापनिवेदनांत मनुष्यास तीन गोष्टी करावयाच्या असतात. केलेल्या कृत्याचा खरा पश्चात्ताप करावयाचा, तें पुन्हां न करण्याच्या निश्चयासह; गंभीर पापें, आठवतील तितकीं, तोंडानें सांगावयाचीं; आणि धर्मगुरू सांगेल तें प्रायश्चित्त पार पाडावयाचें. गंभीर पाप कोणतें, ह्याचीही कसोटी ठरलेली आहे. गोष्ट जड पाहिजे, ती चुकीची असल्याची पूर्ण जाणीव पाहिजे आणि ती स्वखुशीनें केलेली पाहिजे. निदान वर्षांतून एकदां पापनिवेदन करावें असा नियम १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेनें घातला. पश्चात्तापच नसेल तर धर्मगुरूनें उच्चारलेले क्षमेचे शब्द व्यर्थ जातात. सोमवारचा बेत मनांत ठेवून शनिवारीं गुडघे टेकणारा रिकाम्या हातांनींच परत येतो. उलट, एका पापांत दुसऱ्याची भर घालून येतो.

खरी अडचण पुढेंच आहे. समजा, रोह्याच्या बाजारांतील एखाद्या धान्याच्या व्यापाऱ्यानें दहा वर्षें खोट्या मापानें तांदूळ विकला आणि पुढें त्याला उपरति होऊन त्यानें पाद्र्यापाशीं सर्व कबूल केलें. देवानें क्षमा केली. मग त्या तांदळाचें काय? ह्या प्रश्नाला कॅथलिक शास्त्राचें उत्तर निःसंदिग्ध आहे: ज्याचें घेतलें त्याला तें परत केलें पाहिजे. मालक मेला असेल तर त्याच्या वारसांस द्यावें. कोणाकोणाचें घेतलें हेंच कळत नसेल तर गोरगरिबांस द्यावें. चोराला स्वतःचें नांव जाहीर करण्याची सक्ती नाहीं. दुसऱ्याच्या हस्तें गुपचूप पैसे पोंचविले तरी चालतें. परंतु शक्य असूनही परत करण्याची तयारी नसेल, तर त्याचा पश्चात्ताप धर्मगुरूनें खरा मानूं नये. देवाचा अपराध देव माफ करील. शेजाऱ्याचें कर्ज शेजाऱ्याकडेच फेडावें लागतें. दुसऱ्याची खोटी बदनामी करणाऱ्याला तर ह्याहूनही कठीण जातें, कारण पैसा परत करतां येतो, पण गांवभर पसरलेला शब्द गोळा करावयाचा कसा? तरीही, जेथें आपण खोटें बोललों तेथें जाऊन तें खोटें होतें असें सांगणें त्याला प्राप्त आहे.

येथें कोणी विचारील कीं, सर्व फेडावयाचेंच असेल तर देवाच्या दयेला काम काय उरलें? ह्याचें उत्तर येशूच्या दोन शिष्यांच्या कथेंत आहे. यहूदानें तीस रुप्यांच्या नाण्यांसाठीं गुरूस धरून दिलें. मागाहून त्याला पस्तावा झाला आणि तीं नाणीं त्यानें पुरोहितांस परतही केलीं. म्हणजे भरपाई झाली. पण आपल्याला क्षमा मिळूं शकेल ही आशा त्याला उरली नव्हती, आणि त्यानें गळफास घेतला. पेत्रानें त्याच रात्रीं, कोंबडा आरवण्यापूर्वीं, गुरूची ओळख तीन वेळां नाकारली. त्याच्यापाशीं परत करण्याजोगें कांहींच नव्हतें. तो रडला आणि राहिला. ह्या पेत्राचें चरित्र एका फ्रेंच जेझुइटानें सतराव्या शतकांत गोव्यांत मराठी ओव्यांत रचलें, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. स्टीफन्सच्या १६१६ मधील ख्रिस्तपुराणाच्या मागोमाग झालेलें तें काम होय.

हा विचार आपल्या लोकांस अगदींच परका आहे असेंही नव्हे. पाप उघड सांगणें आणि पश्चात्ताप ह्यांनीं मनुष्य पापांतून सुटतो, असें मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सांगितलेलें आहे. पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ मध्यें जन्मलेले विनोबा भावे १९६० च्या मे महिन्यांत चंबळच्या खोऱ्यांत गेले, तेव्हां सुमारें वीस दरोडेखोरांनीं त्यांच्यापुढें शस्त्रें ठेवलीं. विनोबांनीं त्यांस पोटाशीं धरलें, पण कायद्यापासून सोडविलें नाहीं; त्यांच्यावर खटले चालले आणि कित्येकांनीं तुरुंगवास भोगला. विनोबांनीं ख्रिस्तधर्माच्या सारावर पुस्तकही लिहिलें आहे.

आतां गुप्ततेविषयीं. पापनिवेदनांत ऐकलेलें धर्मगुरूनें कोणासही, कोणत्याही कारणास्तव, सांगावयाचें नाहीं. जो जाणूनबुजून सांगेल तो त्याच क्षणीं धर्मबहिष्कृत होतो. भाषेचा प्रश्नही असाच नाजूक आहे. क्षमेचे शब्द पूर्वीं लॅटिनमध्यें उच्चारले जात. पुढें ते लोकांच्या भाषेंत आले. पापें मात्र मनुष्यानें नेहमींच आपल्या भाषेंत सांगितलीं. कोर्लईंत चर्चमधील उपासना आज मराठींत चालते आणि घरची बोली निराळी आहे. मनांतली लाज कोणत्या भाषेंत बाहेर पडते, हें ज्याचें त्यालाच माहीत. ज्याला धर्मगुरूची भाषा येतच नाहीं त्यानें दुभाष्या घ्यावा, अशी धर्मशास्त्रांत सोय आहे, आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचें बंधन आहे.

धर्मगुरूला स्वतःच्या पापांची क्षमा स्वतःस देतां येत नाहीं. पोपलाही नाहीं, २०१४ च्या मार्च महिन्यांत रोममधील सेंट पीटर्स चर्चमध्यें पोप फ्रान्सिस सर्वांदेखत एका साध्या पाद्र्यापुढें गुडघे टेकून बसले होते. खेड्यांत पाद्री एकच असला, म्हणजे आपल्या कबुलीसाठीं त्याला दुसऱ्या गांवची वाट धरावी लागते.