फर्मवेअरची आवृत्ती आणि प्रोसेसरचा वाढीव वेग

सुटे भाग निवडून स्वतः जुळविलेला संगणक आता केवळ हौशी मंडळींच्या घरीच आढळतो असे नाही. ध्वनिमुद्रणांचे पृथक्करण, मोठ्या शब्दसंग्रहांची छाननी, उच्चारांच्या प्रतिमानांची घडण अशी कामे करणारे कित्येक संशोधकही, मर्यादित पैशात अधिक गणनशक्ती हाती यावी म्हणून, हाच मार्ग पत्करतात. अशा संगणकाच्या बाबतीत कधीकधी एक प्रश्न उपस्थित होतो. प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविण्याची सोय, जिला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, ती एके काळी मिळत होती. मदरबोर्डचे फर्मवेअर बदलल्यावर ती नाहीशी झाली. तर मग फर्मवेअर पुन्हा बदलून ती परत मिळविता येईल काय? प्रश्न निव्वळ यांत्रिक दिसतो. परंतु 'अद्ययावत करणे' आणि 'परत मिळणे' या दोन शब्दप्रयोगांचा अर्थ तपासल्यावाचून त्याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही.

प्रथम 'फर्मवेअर' ही संज्ञाच घेऊ. 'हार्डवेअर' हा इंग्रजी शब्द मुळात लोखंडी सामानाचा. आपल्या बाजारपेठांत 'हार्डवेअरचे दुकान' म्हणजे आजही खिळे, बिजागऱ्या व कडीकोयंडे यांचे दुकान होय. त्याच्या जोडीला 'सॉफ्टवेअर' आला, आणि पुढे १९६७ साली ॲशर ऑप्लर यांनी या दोहोंच्या मधल्या पदार्थास 'फर्मवेअर' हे नाव दिले. कठीण व मृदू यांच्या मधले ते दृढ, अशी ही योजना. ऑप्लर यांच्या मनात होती ती प्रोसेसरच्या अंतर्भागातील सूक्ष्म आज्ञावली, म्हणजे मायक्रोकोड. तिची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्येच मांडलेली होती. आज फर्मवेअर म्हटले की आपल्यासमोर येते ती मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये साठविलेली आज्ञावली. बाजारात तिला सर्रास 'बायोस' म्हणतात. वस्तुतः जुन्या बायोसची जागा यूईएफआय या नव्या रचनेने केव्हाच घेतली आहे; पण वस्तू पालटली तरी नाव टिकून राहते, हे 'लाल शाई' म्हणणाऱ्या मराठी भाषकास निराळे सांगावयास नको. शाई म्हणजे मूळ फारसीत काळेपणाच.

प्रस्तुत विषयात मात्र ऑप्लर यांचा जुना अर्थ आणि आजचा रूढ अर्थ एकत्र येतात, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. संगणक सुरू करताच मदरबोर्डचे फर्मवेअर स्मृती सज्ज करते, विद्युद्दाब ठरविते, प्रोसेसरचा वेग नेमून देते. आणि त्याच वेळी आपल्या पोटात बाळगलेला मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये भरते. वीज बंद होताच हा भरलेला मायक्रोकोड नाहीसा होतो, म्हणून तो प्रत्येक वेळी नव्याने भरावा लागतो. ही व्यवस्था दोषनिवारणाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. १९९४ मध्ये पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील दोष उघडकीस आला, तेव्हा इंटेल कंपनीस प्रोसेसर बदलून देणे भाग पडले होते. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून मायक्रोकोड बाहेरून भरण्याची सोय झाली आणि कित्येक दोष चिप न बदलता दूर करता येऊ लागले. मात्र ज्या दाराने दुरुस्ती आत येते त्याच दाराने मनाईही आत येऊ शकते.

ती कशी, हे समजण्यासाठी वेगाचे गणित पाहिले पाहिजे. प्रोसेसरचा वेग म्हणजे एक मूळ ठेका आणि एक गुणक यांचा गुणाकार. अलीकडील इंटेल प्रोसेसरांत मूळ ठेका सामान्यतः १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास दहा कोटी ठोके इतका असतो. कोअर आय-५-६४०० या प्रोसेसरचा मूळ गुणक २७. म्हणून त्याचा मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ. ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस 'के' हे अक्षर असते त्यांचा गुणक वाढविण्याची मुभा असते व त्यासाठी किंमतही अधिक पडते. इतरांचा गुणक वरच्या बाजूने बंद केलेला असतो. मग उरतो तो मूळ ठेका. पूर्वीच्या पिढ्यांत तोच ठेका मदरबोर्डवरील इतर मार्गांनाही बांधलेला असल्यामुळे तो थोडा जरी वाढविला तरी इतर उपकरणे बिघडत. २०१५ मध्ये आलेल्या स्कायलेक पिढीत ही गाठ सुटली. पीसीआय एक्स्प्रेस मार्गाचा ठेका वेगळा झाला आणि प्रोसेसरचा ठेका स्वतंत्रपणे वाढविणे शक्य झाले.

याचा लाभ मदरबोर्ड बनविणाऱ्यांनी तत्काळ घेतला. डिसेंबर २०१५ च्या सुमारास सुपरमायक्रो, ॲझरॉक आदी उत्पादकांनी अशी फर्मवेअरे पुढे आणली की जी घातल्यावर 'के' नसलेल्या स्वस्त प्रोसेसरांचाही ठेका वाढविता येई. ठेका १५० केला की वरील २७ गुणकाचा प्रोसेसर ४.०५ गिगाहर्ट्झवर जाई. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही सोय मागे घेतली गेली. जे प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगसाठी बनविलेले नाहीत त्यांच्या बाबतीत आपण त्याची शिफारस करीत नाही, अशी इंटेलची भूमिका होती, आणि नव्या मायक्रोकोडमध्ये ती भूमिका आज्ञारूपाने उतरली. ज्यांनी नवी आवृत्ती घातली त्यांचा वाढीव वेग गेला. चिप तीच, बोर्ड तोच. बदलली ती केवळ अनुज्ञा.

अशा मागे घेण्यामागे नेहमीच व्यापारी हेतू असतो असे मात्र समजू नये. डिसेंबर २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' या नावाने असे दाखवून देण्यात आले की प्रोसेसरचा विद्युद्दाब आज्ञावलीने मुद्दाम घटवून त्याच्या संरक्षित भागातील गणनेत चुका घडविता येतात व त्यांवरून गुपिते काढून घेता येतात. त्यावर उपाय म्हणून विद्युद्दाब बदलण्याची वाट अनेक संगणकांवर फर्मवेअरद्वारा बंद झाली. त्या बदलास आक्षेप घेणे अवघड आहे.

आता व्यवहाराकडे वळू. ओव्हरक्लॉकिंग 'गेले' असे म्हणताना दोन भिन्न घटना एकाच क्रियापदात मिसळतात. फर्मवेअर नवे घातले की पूर्वीच्या निवडी बहुधा पुसल्या जातात आणि वेग मूळ पदावर येतो. जुन्या आवृत्तीत जतन केलेल्या निवडी नव्या आवृत्तीत चालतीलच असेही नाही. 'के' प्रोसेसर असणाऱ्यांची तक्रार पुष्कळदा एवढीच असते. तिला फर्मवेअर पुन्हा बदलण्याची गरज नाही. निवडी हाताने पुन्हा भरल्या की काम होते. म्हणूनच त्या आधी कागदावर उतरवून ठेवाव्यात. दुसरी घटना अनुज्ञा काढून घेतली जाण्याची. तेथे वेगाचा पर्याय पटलावर दिसतच नाही, किंवा दिसला तरी त्याचा परिणाम होत नाही. अशा वेळी ती अनुज्ञा असलेली आवृत्ती, म्हणजे बहुधा जुनीच, घालावी लागते. बाजाराच्या भाषेत यालाही 'बायोस अपडेट'च म्हणतात, हा शब्दार्थाच्या दृष्टीने मोठा विनोद आहे.

ही क्रिया करताना बोर्डाचे नेमके नाव व त्यावर छापलेला पुनरावृत्तीचा आकडा पाहून, त्याच बोर्डासाठी उत्पादकानेच दिलेली फाइल घ्यावी. नामसाधर्म्यावर विसंबू नये. फाइल फॅट-३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवून, निवडी मूळ पदावर आणून, फर्मवेअरमधील सोयीनेच लेखन करावे. हे लेखन काही मिनिटांत होते. पण मध्येच वीज गेली तर चिप अर्धवट लिहिली जाऊन बोर्ड निश्चेष्ट होऊ शकतो. यूपीएस नसल्यास हे काम हाती घेऊच नये. काही बोर्डांवर दुसरी राखीव चिप किंवा प्रोसेसरविना लेखन करणारे बटण असते. ते आहे की नाही हे आधी पाहिलेले बरे. काही बोर्ड मागील आवृत्ती स्वीकारण्यासच नकार देतात. शिवाय विंडोज व लिनक्स या प्रणालीही सुरू होताना स्वतःजवळचा अधिक नवा मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये भरू शकतात, त्यामुळे बोर्डावर काय लिहिले आहे आणि प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष काय चालू आहे यांत अंतर पडू शकते.

एवढे करून जे परत मिळते ते काय, हा खरा प्रश्न. स्कायलेकच्या बाबतीत ४.०५ हा आकडा मिळे खरा. परंतु बंद गुणकाच्या प्रोसेसरवर ठेका वाढविताच टर्बोची सोय व वीज वाचविणाऱ्या अवस्था निकामी होत, अंतर्गत चित्रसोय बंद पडे, गाभ्यांचे तापमान विश्वासार्हपणे वाचता येत नसे, आणि एव्हीएक्स या आज्ञांची गती लक्षणीय प्रमाणात मंदावे. यांपैकी शेवटची बाब आमच्या वाचकांच्या दृष्टीने निर्णायक आहे. एव्हीएक्स आज्ञा एकाच वेळी अनेक संख्यांवर क्रिया करतात. ध्वनितरंगांचे वर्णपटात रूपांतर आणि संख्यासारण्यांचे गुणाकार यांसाठी लिहिलेली गणिती साधने त्यांच्यावरच मदार ठेवतात. म्हणजे खेळ खेळणाऱ्यास जो संगणक वेगवान वाटे, तोच स्वनविज्ञानाच्या अभ्यासकास आपल्या कामात मंद झालेला आढळण्याचा संभव होता.

अचूकतेचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने मान्य केले की मोठ्या मूळसंख्या शोधणाऱ्या प्राइम-९५ या आज्ञावलीच्या विशिष्ट गणनेत स्कायलेक प्रोसेसर ठप्प होतात. त्याची दुरुस्ती मायक्रोकोडद्वारेच, फर्मवेअरच्या नव्या आवृत्त्यांतून, पोहोचविली गेली. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या 'स्पेक्टर' या सुरक्षादोषावरील उपायांतही मायक्रोकोडचा वाटा होता. डिसेंबर २०१५ च्या फर्मवेअरमध्ये यांतील दुसरी दुरुस्ती असणे शक्यच नाही, आणि पहिलीही गृहीत धरता येत नाही. त्यात वाढीव ठेक्यामुळे होणाऱ्या चुका नेहमी यंत्र बंद पाडूनच प्रकट होतात असे नाही. एखादा आकडा गुपचूप चुकतो, आणि स्वरांच्या मापनांच्या हजार ओळींत तो कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यास्तव आमचे मत असे की, 'के' प्रोसेसर व त्यास अनुकूल बोर्ड असल्यास नव्या फर्मवेअरवर राहूनच वेग थोडा थोडा वाढवावा, प्रत्येक पायरीस कित्येक तास कसोटी घ्यावी, आणि तोच मजकूर मूळ वेगावर व वाढीव वेगावर मोजून उत्तरे जुळतात की नाही हे पाहावे. बंद गुणकाच्या प्रोसेसरसाठी जुन्या आवृत्तीकडे परतणे हे, ज्यावर प्रबंधाचे काम अथवा भाषकांची खाजगी ध्वनिमुद्रणे नाहीत अशा यंत्रापुरतेच ठेवावे. आणि गणनेस लागलेला वेळ ज्या लेखात नोंदविला जातो, त्यात प्रोसेसरच्या नावाशेजारी ठेक्याचा आकडा, फर्मवेअरची आवृत्ती व प्रत्यक्ष चालू असलेल्या मायक्रोकोडचा क्रमांक हेही नोंदवावेत. लिनक्सवर हा क्रमांक प्रोसेसरच्या माहितीच्या यादीतच वाचावयास मिळतो.