लक्षद्वीपची प्रवाळसृष्टी

केरळच्या पश्चिमेस अरबी समुद्रातील भारतीय द्वीपसमूहाभोवतालचे सागरी जीवन. सु. ३२ चौ. किमी. क्षेत्राची ही सखल बेटे बहुतांशी कंकणद्वीपांवर वसलेली असून त्यांच्याभोवती उथळ खारकच्छे व प्रवाळभित्ती आहेत. कडमत, अगत्ती, बंगारम येथे श्वसनसंच घेऊन पाण्याखाली उतरणाऱ्यांना पोपटमासे, फुलपाखरू मासे व हिरवी समुद्रकासवे दिसतात. प्रवाळाच्या ऊतकांतील सूक्ष्म शैवले त्यास अन्न व रंग पुरवितात. पाणी दीर्घकाळ अधिक तापल्यास ही शैवले नाहीशी होऊन प्रवाळ पांढरा पडतो व अनेकदा मरतो. येथे १९९८, २०१० व २०१६ मध्ये असे विरंजन घडले. लाटांचा जोर भित्तीवरच मोडत असल्याने तिचा ऱ्हास बेटांच्याही अस्तित्वास धोकादायक ठरतो.