पेंटियमचा भागाकार

४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागून पाहा. दशांश चिन्हापुढील चार घरे कागदावरही काढता येतात : १.३३३८. इंटेल कंपनीचा १९९४ सालचा पेंटियम प्रोसेसर मात्र १.३३३७ असे उत्तर देई. आलेल्या भागाकाराला पुन्हा भाजकाने गुणले तर मूळ संख्या मिळायला हवी. पेंटियमवर ती २५६ ने कमी भरे.

मोठा भागाकार करताना भाग किती वेळा जाईल हे आपण सुरुवातीचे एक-दोन अंक पाहून अंदाजाने ठरवतो. पेंटियमही तेच करी. अंदाजासाठी चिपमध्येच एक तक्ता होता. दर पायरीला त्यातून −२, −१, ०, १, २ यांपैकी एक अंक उचलायचा. ऋण अंक कशाला? अंदाज जरा जास्त झाला तर पुढच्या पायरीत वजा करून सावरता यावा म्हणून. (मुलांना अशा वेळी खोडरबर लागतो!) तक्त्यातील १०६६ घरांपैकी ५ भरायची राहिली, असे इंटेलने नंतर सांगितले. तिथे २ ऐवजी ० मिळे आणि बाकी इतकी मोठी उरे की पुढच्या पायऱ्यांना ती सावरता येत नसे.

अमेरिकेत लिंचबर्ग येथे गणिताचे प्राध्यापक असलेले थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. जून १९९४ मध्ये त्यांना उत्तरांत विसंगती दिसली. एकेक शक्यता बाद करत ऑक्टोबरमध्ये ते प्रोसेसरपर्यंत पोहोचले. त्या वर्षाच्या मध्यावर इंटेललाही हा दोष सापडला होता, पण ग्राहकांना कळवलेले नव्हते. बोभाटा झाल्यावर कंपनी प्रोसेसर बदलून द्यायला तयार झाली, तीही आपल्याला अचूक आकडेमोड लागते हे जो पटवून देईल त्यालाच. लोक खरे चिडले ते इथे. विकत घेतलेली वस्तू सदोष, आणि लायकी सिद्ध करायची ग्राहकाने! शिवाय चुकीचे उत्तर बरोबर उत्तरासारखेच दिसते. कोणता भागाकार बिघडला हे ग्राहकाला कळणार कसे?

कंपनीचा युक्तिवाद संभाव्यतेचा होता : ९ अब्ज भागाकारांत एक चूक, म्हणजे सामान्य वापरात २७,००० वर्षांतून एकदा. १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमवरील आपल्या संगणकांची विक्री थांबवली. त्यांच्या हिशेबाने चूक २४ दिवसांत एकदा होऊ शकत होती. (आयबीएम स्वतःही प्रोसेसर बनवत होती, हे विसरू नये.)

एवढी तफावत कशी? आयबीएमने रोजचे भागाकार कितीतरी जास्त धरले होते, हे एक कारण. दुसरे अधिक शिकण्यासारखे आहे. इंटेलने संख्या यादृच्छिक धरल्या होत्या. पण वरचा भाजक पाहा : ३ गुणिले २ चा विसावा घात, उणे १. संगणक २ चे घात वेगळे काढून ठेवतो, त्यामुळे त्याच्या लेखी ही संख्या ३ च्या किंचित अलीकडची. धोका नेमका ३, ९, १५, २१ आणि २७ यांच्या किंचित अलीकडच्या भाजकांना होता. आणि अशा संख्या संगणकात सहज तयार होतात. ४.१ आणि १.१ द्विमान पद्धतीत नेमके लिहिता येत नाहीत, म्हणून त्यांची वजाबाकी ३ येत नाही, २.९९९९९९९९९९९९९९९६ येते. हे आजच्या संगणकावरही मुलांना करून पाहता येईल. म्हणजे इंटेलचा गुणाकार-भागाकार बरोबर, गृहीतकच चुकीचे.

२० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने माफी मागितली आणि मागेल त्याला, कारण न विचारता, प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले. या प्रकरणापोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले.