हॅलोविन नको, तर मग लेकरांसाठी काय?



गेल्या काही बैठकांमध्ये बचत आणि कर्जाचा हिशोब झाला की एक प्रश्न हमखास निघतो. ज्यांची लेकरं तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जातात, त्यांच्यातल्या काही जणींच्या मोबाईलवर ऑक्टोबरमध्ये निरोप येतो : हॅलोविन आहे, मुलांना भुताचा नाहीतर चेटकिणीचा ड्रेस घालून पाठवा. एका गटात तर एका ताईंनी या ड्रेससाठी पाचशे रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. दोन टक्क्यांनी महिन्याचं व्याज दहाच रुपये होतं, पण रजिस्टरला कर्जाचं कारण काय लिहायचं यावर गाडी अडली. कुणी म्हणालं, शिक्षण लिहा. कुणी म्हणालं, सण लिहा. पण हा सण कुणाचा आणि कशाचा, हे कुणालाच सांगता येईना. म्हणून या अंकात त्यावर लिहिते आहे.

हॅलोविन म्हणजे काय?

हॅलोविन 31 ऑक्टोबरला असतो. दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस असतो आणि 2 नोव्हेंबरला ते आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढतात, कबरीवर फुलं वाहतात. आपण पितृपंधरवड्यात जे करतो, त्याच्या जवळचीच ही भावना आहे. हॅलोविनची मुळं आयर्लंड आणि स्कॉटलंड या थंड देशांत आहेत. तिथं पीक घरात आलं की हिवाळा लागतो, दिवस लहान होतात, अंधार वाढतो. त्या दिवसांत लोक सलगमाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवायचे. पुढं तिथले लोक पोटासाठी अमेरिकेत गेले, तिथं त्यांना मोठे भोपळे मिळाले आणि भोपळ्याचा दिवा आला. सोंगं घेऊन लेकरं घरोघर जातात आणि गोड खाऊ मागतात.

म्हणजे त्या लोकांसाठी हा सण काही वाईट नाही. पण आपण एक गोष्ट विचारात घ्यावी. हॅलोविनची चेटकीण म्हणजे नाक वाकडं असलेली, हातात झाडू घेतलेली म्हातारी बाई. आपल्या मराठवाड्यात भानामती आणि करणीच्या नावाखाली बायांना किती सोसावं लागलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. असल्या प्रकारांना आळा घालायला महाराष्ट्रात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. जिथं एखाद्या एकट्या म्हातारीला आजही कुणी चेटकीण म्हणू शकतं, तिथं लेकराला तेच सोंग देताना मन कचरलं तर त्यात मागासपणा नाही. लेकराला ड्रेस नसेल तर ते साध्या कपड्यात येईल, असं बाईंना सरळ सांगावं. त्याला सोंग घ्यायचंच असेल तर घरातलं जुनं धोतर नाहीतर आजोबांचा पटका पुरतो. शेतकरी होऊ दे, पोस्टमन होऊ दे. त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

आपल्याकडं हे दिवस कसे असतात?

आश्विन-कार्तिक म्हणजे सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, हरभऱ्याची पेरणी. बाई पहाटे घर सोडते आणि दिवेलागणीला परतते. त्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटतात. ज्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती घरं कोयत्यावर निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. काही लेकरं सोबत जातात, काही आजीपाशी राहतात. त्या घरांसाठी हेच पंधरा-वीस दिवस सगळ्यांनी एकत्र बसायचे असतात. म्हणून हॅलोविन करायचा की नाही, यापेक्षा या दिवसांतली एखादी तरी संध्याकाळ लेकरांच्या वाट्याला येते का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. खाली जे सांगते आहे ते कमी पैशात होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात उरकतं.

हादगा, भुलाबाई

आपल्याकडं कुणी हादगा म्हणतं, कुणी भुलाबाई. पुण्याकडं भोंडला म्हणतात. साधारण 27 सप्टेंबरला सूर्य हस्त नक्षत्रात जातो. आपण ज्याला हत्तीचा पाऊस म्हणतो, तो याच नक्षत्राचा. म्हणून पाटावर हत्ती काढायचा, तो मध्ये ठेवायचा आणि भोवती फेर धरून गाणी म्हणायची. भुलाबाई मांडणारे मातीच्या भुलाबाई-भुलोबाची जोडी करतात, म्हणजे पार्वती आणि शंकर, आणि कोजागिरीला तिची सांगता करतात.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे खिरापत ओळखणं. डबा झाकलेला असतो आणि गोड की तिखट, भाजलेलं की तळलेलं, असं विचारत विचारत मुलींनी पदार्थ ओळखायचा. खिरापतीसाठी चूल पेटवायलाच पाहिजे असं नाही. फुटाणे, मुरमुरे, गूळ-शेंगदाणे चालतात. फेरात मुलग्यांनाही घ्या. घरातल्या मोठ्या मुलीनं आजीची गाणी मोबाईलमध्ये रेकॉर्ड करावीत आणि वहीत उतरवावीत. मोबाईल हातातून सुटत नाही अशी आपली तक्रार असते, तर तो या कामाला लावू. आजी गेल्यावर ती गाणी दुसरीकडं कुठं मिळायची नाहीत.

कोजागिरी : भुताच्या नव्हे, खऱ्या गोष्टी

आश्विन पौर्णिमेला कोजागिरी. कोण जागं आहे, असं त्या रात्री लक्ष्मी विचारते अशी समजूत आहे. पाच माणसांना लिटरभर दूध पुरतं. केशर-पिस्ते नसले तर वेलदोडा, सुंठ आणि आपली हळद घाला. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ती चिमूटभर दुधात पडली तर लेकरांना आपल्या गावचं नाव कशामुळं आहे तेही सांगता येईल.

दूध आटेपर्यंत म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा. लेकरांना तीन-चार प्रश्न आधीच देऊन ठेवा. 1972 च्या दुष्काळात घरात काय खायचे? सुकडी कशी लागायची, लाल मिलोची भाकर कशी व्हायची? खडी फोडायला कोण कोण जात होतं? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तुम्ही कुठं होता? निजामाच्या राज्यातून आपण 17 सप्टेंबर 1948 ला मोकळे झालो, त्याबद्दल तुमच्या आई-वडलांनी काय सांगितलं होतं? भुताच्या गोष्टीनं अंगावर काटा येतो तसा या गोष्टींनीही येतो. शिवाय आपली माणसं कशातून तरली, हे लेकरांना कळतं.

दिवटी घेऊन घरोघर

घरोघर जाऊन खाऊ मागायची मजा आपल्याकडंही होती. दिवाळीच्या दिवसांत पोरं लव्हाळ्याच्या काड्या विणून दिवटी करायची, तीत पणती ठेवायची आणि संध्याकाळी गोठ्यागोठ्यात जाऊन गाणं म्हणत गाई-म्हशींना ओवाळायची. घरची बाई दिव्यात तेल घालायची, चार पैसे नाहीतर फराळ द्यायची. आता पुष्कळ गावांत ही दिवटी विणता येणारी दोन-तीनच माणसं राहिली असतील. त्यांना शोधा आणि एका दुपारी लेकरांना त्यांच्यापुढं बसवा. नदी-ओढ्याच्या काठाला लव्हाळा फुकट मिळतो.

पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव आणि गवळणी करतात, तेही लेकरांच्या हातून होऊ द्या. वाकडेतिकडे झाले तरी चालतील.

भोपळा कोरायचा की खायचा?

लाल भोपळा कोरून गर टाकून देण्यापेक्षा तो किसून गूळ-कणकेत मळा आणि घारगे करा. बिया लेकरांना धुवायला आणि सावलीत वाळवायला सांगा. अर्ध्या भाजून खायच्या, अर्ध्या कागदात बांधून ठेवायच्या आणि जूनमध्ये परसात लावायच्या. पुढच्या दिवाळीला वेल कुणाचा मोठा झाला ते बघायचं.

दोन गोष्टी सांभाळा

पहिली, काम. सण आला की बाईचं काम दुप्पट होतं आणि मजा बाकीच्यांची होते. म्हणून आधीच वाटून घ्या. दूध आटवायचं काम घरातल्या पुरुषाचं, अंगण झाडायचं काम मुलाचं, भांडी सगळ्यांनी मिळून. ज्या बाईला बसायलाच मिळालं नाही, तिच्या घरी कोजागिरी झाली असं मी धरत नाही.

दुसरी, माणसं. हादग्याला नाहीतर हळदी-कुंकवाला आपण कुणाला बोलवत नाही, ते एकदा आठवून बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर त्याच महिन्यात शासनानं सगळ्याच ग्रामपंचायतींना असं पाऊल उचलायला सांगितलं. आपल्या गटात बचत करताना आपण एकल ताईला वेगळं बसवत नाही, मग फेर धरताना का? तिची लेकरं हे सगळं बघत असतात.

दिवा लावताना

दिवटी सोयाबीनच्या सुडीजवळ, कडब्याच्या गंजीजवळ आणि कापूस साठवलेल्या खोलीत नेऊ नका. अशा गोठ्यात पणतीऐवजी छोटी बॅटरी ठेवा. लेकरांना सुती कपडे घाला, टेरिकॉट आणि नायलॉन नको. सोबत एक मोठं माणूस आणि पाण्याची बादली असावी. कुणाला भाजलंच तर त्या जागेवर 20 मिनिटं साधं पाणी सोडत राहा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. जास्त भाजलं असेल तर 108 ला फोन करून दवाखान्यात न्या.

येत्या बैठकीत

प्रत्येक गटानं यातली एकच गोष्ट निवडावी, तारीख ठरवावी आणि इतिवृत्तात लिहावी. ज्या ताया कोयत्यावर जाणार आहेत, त्यांच्या निघण्याच्या आधीची तारीख धरा. त्यांची लेकरं मागं राहणार असतील तर जिल्हा परिषदेच्या हंगामी वसतिगृहाबद्दल शाळेत मुख्याध्यापकांकडं याच आठवड्यात चौकशी करा. गाण्यांची वही झाली की ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या, पुढच्या महिन्यात आपण सगळ्या गावांच्या वह्या एकत्र मांडू.

आपली,
क्षेत्र समन्वयक, वसमत