भीमथडी आणि इंदापूरच्या दफ्तरांत पूर्वजांचा शोध

आपल्या समाजात खापरपणजोबांचे नाव विचारले असता बहुधा उत्तर मिळत नाही. तिसऱ्या पिढीपलीकडे स्मृती संपते आणि तिची जागा दंतकथा घेते. कोणी पलटणीत सुभेदार होता, कोणी गावाच्या सीमेसाठी प्राण दिला, असे सांगितले जाते. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केवळ ऐकीव परंपरेवर विसंबू नका, असा उपदेश केला. तो कुळकथांनाही लागू आहे. यास्तव बारामती व इंदापूर या तालुक्यांतील एखाद्या अप्रसिद्ध पूर्वजाचा माग ब्रिटिश अमदानीच्या सरकारी कागदांतून कसा काढता येईल, याचा येथे विचार केला आहे.

प्रथम नावांविषयी. जुन्या कागदांत आजचे आडनाव शोधणे बहुतेक व्यर्थ होय. पुरुषाच्या नावास ‘नाक’ हा प्रत्यय, पुढे ‘बिन’ व बापाचे नाव आणि शेवटी जात, असा नोंदीचा साचा असे. ‘बिन’ म्हणजे पुत्र, ‘कोम’ म्हणजे पत्नी. एवढे ठाऊक असले म्हणजे एका ओळीतून दोन पिढ्या हाती लागतात. कोरेगावच्या विजयस्तंभावरील २२ नावे याच ‘नाक’ प्रत्ययाची आहेत. तालुक्याचे नावही बदललेले आहे. आजचा बारामती तालुका जुन्या दफ्तरांत ‘भीमथडी’ या नावाखाली पाहावा. त्याची कचेरी बारामतीसच होती.

इंदापूरच्या रहिवाशांना या बाबतीत एक विशेष अनुकूलता आहे. प्रिंगल यांची मोजणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी मुंबई इलाख्यातील नव्या पद्धतीची जमीनमोजणी याच तालुक्यात प्रथम केली. १८३६ च्या सुमारास सारा ठरला आणि तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये त्याची फेरआकारणी झाली. एकाच शेताच्या या दोन वेळच्या नोंदी ताडून पाहिल्यास पुष्कळदा बाप आणि मुलगा समोरासमोर येतात. भूमी अभिलेख कार्यालयातील सूडपत्रक, शेतवार पत्रक व टिपण ही कागदपत्रे त्यासाठी मागावीत.

परंतु आपला पूर्वज या कागदांत कोणत्या नात्याने येतो? खातेदार म्हणून क्वचितच. तो येतो वतनदार म्हणून. गावची सीमा दाखविणे, सारा पोहोचविणे, सरकारी कामगारांची वेठ वाहणे या सेवेच्या मोबदल्यात जी हाडोळ्याची जमीन होती, तिच्या नोंदीत तो सापडतो. सरकारला राबणाऱ्याची नोंद हवी होती, माणसाची नव्हे. शिवाय वतन साऱ्या भावकीचे आणि सेवा पाळीपाळीने. त्यामुळे कागदावर पुष्कळदा एकदोघांचीच नावे चढत. आपल्या पणजोबांचे नाव न दिसता त्यांच्या चुलत्याचे दिसले, तर निराश होऊ नये. शोध योग्य दिशेने चालला आहे असे समजावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले, ते याच व्यवस्थेविरुद्ध. ज्या वतनाच्या बेडीतून ते समाजाला सोडवू पाहत होते, त्याच वतनाच्या बाडांत आज आपली वंशावळ शोधावी लागते, हे कटू असले तरी खरे आहे.

१९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि फेरफारांची वही आली. माझ्या मते हे सर्वांत मोलाचे साधन आहे. कर्ता पुरुष वारला की वारसांची नावे लागत आणि एरवी कोठेही न दिसणारी स्त्री येथे विधवा म्हणून का होईना, नावानिशी येते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली व आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमीन परत मिळण्याची तरतूद झाली. त्या प्रकरणांत भावकीची वंशावळ जोडलेली आढळते. ज्या कुटुंबांच्या वतनजमिनींचे तंटे अद्याप मिटलेले नाहीत, त्यांच्यासाठी तर हा शोध केवळ जिज्ञासेचा नाही. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले असल्याने जुन्या व नव्या नंबरांचा मेळ आधी घालून घ्यावा. उजनीच्या जलाशयात ज्यांचे गाव गेले, त्या पळसदेवसारख्या गावच्या लोकांनी भूसंपादनाचे निवाडेही पाहावेत.

जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असते. शाळेचे रजिस्टरही दुर्लक्षू नये. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव दाखल झाले, ही रजिस्टरातील एक ओळ आज साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पलटणीची कथा असेल तर काळ तपासावा: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली होती, पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली व युद्धानंतर मोडली गेली. या काळांशी वय जुळत नसेल तर कथा बाजूला ठेवावी.

जुने कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारा सोबत न्यावा, नकला प्रमाणित करून घ्याव्यात आणि प्रत्येक नकलेवर गाव, सर्व्हे नंबर व कचेरीचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे. एकाच गावात एकाच नावाचे तिघे निघतात. त्यांच्यातला आपला कोणता, हे बहुधा शेताच्या नंबरावरूनच कळते.