आजीचे डोळे, रणातला अंधार आणि माझ्या फोनचा उजेड

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. इयरफोन घरी विसरलेल्यांसाठी.

तर झालं असं. गेल्या वर्षी आजीच्या डोळ्यांची तपासणी झाली. पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, खराब होत चाललाय असं कळलं. समोर बघितलं की मध्ये डाग दिसतो, कडेचं मात्र दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. घरी आल्यावर आजी एवढंच म्हणाली, "एकदा भरलेलं आभाळ बघायचंय गं. लहानपणी अंगणात दिसायचं तसं."

मग जानेवारीत आम्ही पाच जण गाडीत बसलो. पुणे ते धोलावीरा, जवळपास हजार किलोमीटर, मध्ये अहमदाबादला मुक्काम. रापर मागे पडलं की झाडं विरळ होतात आणि एका टप्प्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त पांढरं मीठ. कच्छचं रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं. पाणी आटलं की मीठ उरतं. धोलावीरा या रणातल्या खडीर बेटावर आहे. तिथलं हडप्पाकालीन शहर 2021 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण आज विषय आभाळाचा.

वाळवंटच का?

तारे शहरातही असतातच हो. पण दिव्यांचा उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर पसरतो, आभाळच फिकट होतं आणि मंद तारे त्यात बुडतात. रणात हिवाळ्यात हवा कोरडी, ढग कमी, वस्ती तुरळक. शिवाय जमीन इतकी सपाट की आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं दिसतं.

एक टिप: पांढरं रण बघायला लोक पौर्णिमेला जातात. ताऱ्यांसाठी अगदी उलट करा, अमावस्येच्या आसपास जा. आम्ही तेच केलं.

मुठीने मोजलेला प्रवास

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी गच्चीवर हात ताणून ध्रुवतारा मोजला. ताणलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण दहा अंश. पुण्यात ध्रुव दोन मुठींपेक्षा जरा खाली. धोलावीऱ्यात तोच दोन मुठींच्या वर गेला! फरक तीन बोटांचा, म्हणजे साधारण पाच अंश. एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, म्हणजे आपण सहाशेच्या आसपास किलोमीटर उत्तरेला आलो. बाकीचं अंतर पश्चिमेला आणि वळणांत गेलं. जीपीएस नव्हतं तेव्हा खलाशी असंच मोजायचे.

आणि मग मी घोळ घातला

जेवण झाल्यावर आम्ही मुक्कामाच्या मागच्या अंगणात बाज टाकली, दिवे बंद करून घेतले. आजी शाल गुंडाळून आडवी. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. "आता उजळायला लागलंय," ती म्हणाली. तेवढ्यात मला कुठला तारा कुठला हे बघायचं होतं, म्हणून मी फोन काढला. पूर्ण ब्राइटनेस, थेट तिच्या तोंडासमोर.

"अगं, गेलं सगळं!"

हे का होतं? डोळ्यात अंधारात काम करणाऱ्या पेशी असतात, दंडपेशी. त्यांच्यातलं रंगद्रव्य उजेडाने मोडतं आणि पुन्हा तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. वय वाढलं की आणखी जास्त. माझी एक नजर स्क्रीनवर आणि आजीची अख्खी तयारी वाया. कडाक्याच्या थंडीत तिला पुन्हा ताटकळत ठेवलं, याचं मला फार वाईट वाटलं.

आईने मग टॉर्चवर पतंगाचा लाल कागद बांधला. दंडपेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही. सगळे फोन गाडीत गेले.

तिरकं बघायची युक्ती

दंडपेशी पडद्याच्या मधोमध जवळजवळ नसतात, त्या बाजूला असतात. म्हणून मंद तारा नीट बघायचा तर त्याच्याकडे सरळ नाही, किंचित शेजारी बघायचं. आम्हाला ते जमेना, नजर आपोआप सरळच जायची. आजीला मात्र शिकवावंच लागलं नाही. वर्षभर ती जेवणाचं ताटसुद्धा तिरकंच बघतेय.

तासाभराने ती बोलली. आधी व्याध दिसला. त्याचा उजेड निघाला तेव्हा मी सातवीत होते. तो साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे. मग मृग आणि त्याच्या पोटातला बाण. कृत्तिका अगदी डोक्यावर होत्या. त्यांचा उजेड चारशेहून जास्त वर्षांपूर्वी निघालेला, शिवरायांच्या जन्माच्याही आधी. मला त्यात सहा तारे मोजता आले. आजीला फक्त पुसट पुंजका दिसला.

"मोजता येत नाहीत," ती म्हणाली, "पण आहेत."

आकाशगंगेचा पट्टा तिला दिसला की नाही, तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बराच वेळ ती आभाळाकडे तोंड करून पडून होती आणि आत चला म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

त्या रात्रीचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

तुम्ही जाणार असाल तर एवढंच करा: अमावस्या बघा, गरम कपडे घ्या, टॉर्चला लाल कागद लावा आणि अर्धा तास फोन खिशात ठेवा. घरातलं म्हातारं माणूस सोबत असेल तर तासभर. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!